शपथ वारशानं मिळत नाही

आपल्यातले पुष्कळजण म्हणतात, भट आपण कधीच हाकलला, आता पुरोहिताचा प्रश्न आपला नाही. पण भट गेला म्हणजे भटपण गेलं असं होत नाही. भटपण म्हणजे शेंडी-जानवं नव्हे. माणूस आणि त्याचं सत्य यांच्या मधे उभं राहण्याचा हक्क सांगणं, आणि तो हक्क बापाकडून पोराकडे जाणं, हे भटपण.

हे समजायला बायबल उघडून बघा. तिथला देव इस्राएल लोकांशी करार करतो. करार साऱ्यांशी, पण सेवेचा मान लेवीच्या वंशाला, आणि याजकपण अहरोनाच्या घराण्याला. बाकीच्यांनी यज्ञाचं जनावर आणायचं आणि बाहेर थांबायचं. ओळखीचं वाटतं ना?

पुढं नव्या करारात इब्री लोकांस पत्र येतं. त्याच्या लेखकापुढं अडचण आहे : येशू यहूदा वंशातला, त्या वंशाला याजकपणच नाही. मग तो याजक कसा? लेखक सांगतो, जुने याजक शपथेवाचून झाले, हा शपथेनं झाला. मलकीसदेकासारखा, ज्याची वंशावळ कुठं लिहिलेली नाही. शिवाय याजकपण बदललं की नियमशास्त्रही बदलणं भाग आहे. यिर्मया संदेष्ट्यानं तर आधीच सांगून ठेवलं होतं की नवा करार माणसाच्या काळजावर लिहिला जाईल. 1520 साली मार्टिन लूथरनं हाच धागा ओढला : बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येकजण याजक आहे.

जन्म विरुद्ध शपथ. विचार जबरदस्त आहे. पण नुसत्या विचारानं भागत नाही. आपल्या देशात जात चर्चच्या दारातून आत गेली. तमिळनाडूत कित्येक ठिकाणी दलित ख्रिस्ती माणसाची दफनभूमीसुद्धा वेगळी राहिली. करार काळजावर लिहायचा होता, तो नोंदवहीतच राहिला.

बाबासाहेबांनी हा प्रश्न मुळातून हाताळला. 1936 च्या, न झालेल्या लाहोरच्या भाषणात ते लिहितात की पुरोहितशाही नष्टच झाली तर उत्तम. ते जमत नसेल तर निदान ती वंशपरंपरेनं चालू नये, परीक्षा घ्या, सरकारी सनद द्या. वीस वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 ला, नागपुरात त्यांनी स्वतः महास्थविर चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग लाखोंना दीक्षा स्वतः दिली. अंगावर चीवर नसलेल्या माणसानं! बावीस प्रतिज्ञा लोकांनी आपल्या तोंडानं म्हटल्या. कुणी कुणाच्या वतीनं म्हटल्या नाहीत.

आता आपल्याकडे वळू. बापानं 1956 ला शपथ घेतली म्हणून पोरगा आपोआप शपथेतला होतो का? आपण हो म्हटलं, तर शपथेची जात झाली. मग लेवीत आणि आपल्यात फरक काय उरला? लग्न बुद्धवंदनेनं लावायचं आणि तारीख पंचांगातून काढायची, हे कोणत्या प्रतिज्ञेत बसतं? वंदना म्हणणारा आपला माणूस हवाच, पण तो सेवक आहे. त्याच्यावाचून लग्न अडतं असं वाटायला लागलं, की समजावं, नवा भट तयार झाला.

ऑगस्ट 1978 मध्ये नामांतराच्या दंगलीत नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला पोचीराम कांबळेंना मारलं. ते मातंग. त्यांना कुठल्या वंशानं या लढ्यात आणलं नव्हतं. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला, त्यात त्यांचं रक्त आहे. आपण त्यांच्या नावानं घोषणा देतो. पण नांदेड-लातूरकडं मातंगाच्या घरी सोयरीक करायची वेळ आली, की आपल्यातल्या किती घरांत अजून जात विचारली जाते? सारी माणसं समान, ही प्रतिज्ञा तिथं कुठं जाते?

शपथ विहाराच्या भिंतीवर रंगवून भागणार नाही. ती प्रत्येकानं आपली आपण घ्यावी, आणि पहिल्यांदा स्वतःच्या घरात पाळावी.