वेदीवरून व्यासपीठावर

हवाई बेटावरील किलाउएआ ज्वालामुखीच्या काठाशी 1877 साली बांधलेली एक जुनी लाकडी वास्तू उभी आहे. एके काळी ते प्रवाशांचे विश्रामगृह होते. 1974 साली स्थापन झालेल्या एका कलाकेंद्राचे दालन आज तेथे आहे. या केंद्राच्या वतीने जवळच्याच एका मोकळ्या चौथऱ्यावर हुला सादर केला जातो. प्रेक्षक गवतावर बसतात. ध्वनिवर्धक नसतो. पठण करणाऱ्याचा आवाज आणि भोपळ्याच्या वाद्यावर पडणारी थाप वाऱ्यातून जेवढी ऐकू येईल तेवढीच ऐकायची. समोर ज्वालामुखीचे विशाल मुख असते, आणि त्यात पेले या अग्निदेवतेचा निवास आहे अशी तेथील जुन्या लोकांची श्रद्धा. कार्यक्रमाला तिकीट नाही. राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशशुल्क मात्र भरावे लागते.

या चौथऱ्याचा विचार करू लागलो की आमच्या मनात एक प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ हवाईपुरता राहत नाही. ज्याचा आरंभ पूजेत झाला ते प्रेक्षकांसमोर मांडता येते का? आणि ज्यांच्या पूर्वसूरींनी ते एकदा देवाच्या नावाने बंद केले, त्यांनी आज त्याच प्रेक्षकांत बसून निर्धास्त मनाने टाळ्या वाजवाव्यात का?

हुला म्हणजे गवताचा घागरा, फुलांची माळ आणि हलणारी कंबर, हे चित्र आम्हां सर्वांच्या डोळ्यांत सिनेमाने भरवले. वस्तुतः हुलामध्ये शब्द आधी येतो. ज्या समाजाला लिपी नव्हती त्याने आपल्या वंशावळी, देवकथा, राजांची स्तुती, वाऱ्यापावसाची नावे हे सारे 'मेले' म्हणजे काव्यात साठवले. नर्तकाचे हात त्या काव्याचा अर्थ सांगतात. काव्य नसेल तर हुलाही नाही. 1909 साली नॅथॅनिएल इमर्सन यांनी या विषयावरील आपल्या ग्रंथाला 'हवाईचे अलिखित साहित्य' अशा अर्थाचे नाव दिले, ते यथार्थ आहे. तेव्हा नृत्य, संगीत, नाट्य आणि कथाकथन असे जे चार विभाग आपण कार्यक्रमपत्रिकेवर पाडतो, ते तेथे मुळात वेगळे नव्हतेच.

जुन्या हुलाशाळेत, तिला 'हालाउ' म्हणतात, लाका या देवतेची वेदी असे आणि रानातून आणलेल्या हिरव्या पानांनी ती सजवली जाई. शिष्यांवर कडक नियम असत. त्यांतील एक प्रथा आजही पुष्कळ शाळांत पाळली जाते व ती आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. शिष्य थेट आत जात नाहीत. दाराबाहेर उभे राहून ते आत येण्याची परवानगी मागणारे पठण करतात. आतून गुरूचे, म्हणजे 'कुमू हुला'चे, उत्तर आल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. उत्तर येईपर्यंत पुन्हा म्हणायचे.

हुलाच्या उगमाच्या कथा अनेक आहेत. त्यांपैकी एकीत पेलेची धाकटी बहीण हिइआका आपल्या सखीकडून, होपोएकडून, समुद्रकाठी नृत्य शिकते. पुढे पेले तिला आपला प्रियकर आणावयास दूरच्या काउआई बेटावर धाडते. हिइआका एकच मागणे मागते: माझ्या मागे माझ्या सखीला आणि लेहुआच्या फुललेल्या रानाला सांभाळ. परतायला विलंब होतो, मत्सराने पेटलेली पेले लाव्हाचा लोट सोडते, आणि रान जळून होपोए शिळा होते. जी नृत्य शिकवते तीच भस्म होते. आपली कला कोणत्या भूमीवर उभी आहे याविषयी त्या लोकांना भ्रम नव्हता, असे ही कथा वाचताना वाटते.

आता इतिहासाकडे वळू. 1819 साली, एकही मिशनरी किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी, राजा लिहोलिहो आणि राणी काआहुमानु यांनी जुन्या धर्माची निषेधव्यवस्था स्वतःच मोडून काढली. 1820 साली अमेरिकेतील काँग्रिगेशनल पंथाचे प्रॉटेस्टंट मिशनरी आले. 1825 साली काआहुमानुने बाप्तिस्मा घेतला आणि 1830 साली सार्वजनिक हुलावर बंदी पुकारली. पुढे, 1850 नंतरच्या दशकात, परवाना व शुल्क यांचे कायदे झाले. 'परक्यांनी येऊन बंद केले' हे सोपे वाक्य म्हणूनच पुरत नाही. बंदीची प्रेरणा परक्यांची होती, पण आज्ञा देणारी जीभ हवाईचीच होती.

येथे आम्हां कॅथॉलिकांना क्षणभर थांबावे लागते. 1827 साली फादर अलेक्सिस बाशलो यांच्यासह पहिले कॅथॉलिक धर्मगुरू होनोलुलूत आले, आणि 1831 च्या अखेरीस त्यांना जहाजात बसवून बेटांबाहेर काढले गेले. जे हवाईयन कॅथॉलिक झाले होते त्यांना तुरुंगवास व सक्तमजुरी भोगावी लागली. म्हणजे ज्या राजसत्तेने ढोल थांबवला तिनेच जपमाळही थांबवली. दोन्हींवरचा आरोपही जवळजवळ एकच होता: मूर्तिपूजा. कॅथॉलिकांची सुटका 1839 साली झाली, तीही फ्रेंच युद्धनौकेच्या तोफांच्या धाकाने. हुलाच्या बाजूने उभी राहणारी युद्धनौका मात्र कोठलीच नव्हती.

एकाच हाताखाली दडपलेले दोघे एकमेकांचे दुःख ओळखतील, अशी आपली भाबडी अपेक्षा असते. तसे झाले नाही. मोलोकाईच्या कुष्ठरोग्यांसाठी 1873 पासून 1889 पर्यंत आयुष्य वेचणारे, 2009 साली संतपदास पोहोचलेले फादर डेमियन आम्हां सर्वांना वंदनीय आहेत. त्यांनीच 1886 च्या आपल्या अहवालात लिहून ठेवले आहे की वसाहतीत लाकाची पूजा व हुला यांचा जोर होता आणि तो मोडून काढण्यासाठी आपल्याला कष्ट घ्यावे लागले. त्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. मरणाची वाट पाहण्यासाठी जेथे माणसांना सोडून दिले होते तेथे दारू आणि अनाचार यांच्याशी जोडलेला हुला त्यांनी पाहिला. त्याच माणसाने वसाहतीत गायकवृंद व वाद्यवृंद उभा केला, झिजलेल्या बोटांच्या माणसांच्या हाती वाद्ये दिली. ज्यांना कोणी जवळ येऊ देत नव्हते त्यांना संगीत देणारा हा संत त्यांचे स्वतःचे संगीत मात्र घेऊ शकला नाही. हे लिहिताना लेखणी अडखळते. परंतु संतांचा आदर म्हणजे त्यांच्या प्रत्येक निर्णयाला मान्यता नव्हे, आणि स्वतः डेमियननेही जे लपवले नाही ते आम्ही का लपवावे?

आमच्या घरचा हिशेबही निराळा नाही. 1616 साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध झाले, ते ओवीत. त्यानंतर 120 वर्षांनी, 1736 साली, गोव्यातील इन्क्विझिशनच्या फर्मानाने ख्रिस्ती घरांतील लग्नाच्या ओव्याच निषिद्ध ठरवल्या. ख्रिस्ताची कथा सांगायला चालली ती ओवी नवरीच्या अंगणात चालेना! 1963 साली द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनाविषयक संविधानात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला मानाचे स्थान देण्यास सांगितले, ही मोठीच गोष्ट. पण मधल्या दोनशे वर्षांत जी गाणी गेली ती संविधानाने परत येत नाहीत.

हुला मात्र गेला नाही. तो दोन वाटांनी जगला. एक वाट लपण्याची: दूरच्या खेड्यांतून, आजीकडून नातीकडे. मेरी कावेना पुकुई (1895–1986) हे तिचे सुंदर उदाहरण. त्यांची आजी राणी एमाच्या दरबारात हुला करीत असे. आजीजवळ वाढलेल्या या नातीने पुढे होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात अनेक वर्षे गाणी, म्हणी, कथा नोंदवल्या आणि 1957 साली सॅम्युएल एल्बर्ट यांच्यासह हवाईयन भाषेचा शब्दकोश प्रसिद्ध केला. दुसरी वाट दाखवण्याची. 1883 साली राजा कालाकाउआने आपल्या राज्याभिषेकात उघडपणे हुला करविला, आणि सभ्य मंडळी संतापली. 1893 साली त्याच्या बहिणीचे, राणी लिलिउओकलानीचे, राज्य उलथवले गेले, 1896 साली शाळांचे माध्यम इंग्रजी ठरले, 1898 साली बेटे अमेरिकेत विलीन झाली. भाषा गेली की हातांना सांगायला काही उरत नाही. उरली फक्त कंबर, आणि तिला गिऱ्हाईक भरपूर होते.

1937 साली वाइकिकीच्या किनाऱ्यावर कोडॅक हुला शो सुरू झाला. तो दिवसा ठेवण्यात आला, कारण रात्री पर्यटकांना छायाचित्रे नीट घेता येत नसत. नर्तक मोठमोठी अक्षरे हाती धरून शब्द जुळवीत. हे वाचून हसू येते, मग लाज वाटते. पण निवाडा करण्याची घाई नको. हा कार्यक्रम 2002 पर्यंत चालला, आणि त्या पासष्ट वर्षांत कितीतरी हवाईयन कुटुंबांची चूल त्यावर पेटली. पोटासाठी नाचणाऱ्या बाईला 'तू परंपरा विकलीस' असे म्हणण्याचा अधिकार पोट भरलेल्या रसिकाला कोणी दिला?

(जाता जाता एक गंमत. 1879 साली मदेरा बेटावरील पोर्तुगीज कॅथॉलिक मजूर ऊसमळ्यांत कामासाठी हवाईला आले, आणि त्यांच्या चिमुकल्या तंतुवाद्यातून युकुलेली जन्मली. आणि मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार आमच्या हिंदी चित्रपटगीतांत इतकी रुळली की ती कुठून आली हे विचारायचेही राहून गेले. वाद्यांना पारपत्र लागत नाही.)

हिलो शहराचा हुला महोत्सव हे याहून अवघड उदाहरण आहे. 1960 च्या त्सुनामीत हिलोत 61 माणसे मृत्युमुखी पडली, शहराचा व्यापार बुडाला. पर्यटक यावेत म्हणून कालाकाउआच्या स्मरणार्थ एक उत्सव योजण्यात आला. म्हणजे हेतू सरळसरळ व्यापारी. 1971 पासून त्यात हुलाची स्पर्धा आली, जुन्या शैलीचा 'काहिको' आणि नव्या शैलीचा 'आउआना' असे दोन्ही प्रकार आले, आणि हळूहळू तोच उत्सव हवाईयन अस्मितेचे घर झाला. ज्या क्रीडागृहात तो भरतो त्याला ईडिथ कानाकाओले (1913–1979) या कुमू हुलाचे नाव आहे. 2023 साली अमेरिकेच्या पाव डॉलरच्या नाण्यावर त्यांची प्रतिमा आली. हा सप्ताह दरवर्षी ईस्टरच्या रविवारी सुरू होतो.

म्हणजे व्यासपीठ अपवित्र आणि वेदी पवित्र, ही वाटणी टिकत नाही. तिकीट हाही निकष नव्हे. आमच्याही देवळांत मिस्साबळीसाठी दानार्पण असते. आम्हांला निकष दिसतो तो उंबरठ्याशी. परवानगी कोण मागतो, कोणाकडे, आणि नकार मिळण्याची शक्यता खरी आहे काय? किलाउएआच्या चौथऱ्यावर नर्तक ज्वालामुखीला संबोधून पठण करतात, तेव्हा आम्ही पाहुणे दुय्यम असतो. किनाऱ्यावरच्या त्या जुन्या खेळात कॅमेरा हाच यजमान होता. काय दाखवायचे आणि काय आतच ठेवायचे हे ज्यांचे आहे त्यांनी ठरवले, तर दाखवणे हे विकणे होत नाही. मात्र हा निकषही आम्हांला पुरता समाधान देत नाही. नकाराचा मान राखण्याचीही किंमत असते, ती आम्ही मोजली आहे.

1994 साली आमच्या गावच्या सणाला आम्ही काही जणांनी लग्नाच्या जुन्या गाण्यांचा कार्यक्रम ठरवला होता. मंडप होता, ध्वनिवर्धक होता, घुमट वाजवणारा एक म्हातारा मिळाला होता. सर्वांत जास्त गाणी ज्यांना येत त्या आजीबाईंकडे आम्ही गेलो. त्यांनी आम्हांला पाणी दिले, सारे ऐकून घेतले आणि विचारले, "लग्न कुणाचं आहे?"

कुणाचेच नव्हते. सण आहे, स्टेजवर म्हणायची आहेत, असे आम्ही सांगितले. "मग कुणाला म्हणू?" त्या म्हणाल्या, आणि पुढे बोलल्या नाहीत. आम्ही कार्यक्रम त्यांच्याशिवाय केला. तो लोकांना आवडलाही.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात त्यांच्या शेजारच्या मुलीचे लग्न निघाले. आदल्या रात्री अंगणात बसून त्या उशिरापर्यंत गात राहिल्या. एकदाही न अडखळता, नवरीकडे बघत. आम्ही भिंतीशी उभे होतो. टेपरेकॉर्डर आणला होता, पण त्यांच्याकडे पाहून तो पिशवीतून काढवेना. दोन पावसाळ्यांनंतर त्या गेल्या. त्या रात्रीच्या गाण्यांपैकी तीन आमच्यातल्या दोघींना येतात, त्यांतले एक अर्धेच.