मेंढवाड्याच्या दाराशी कोणास नेमावे?

आधार : प्रेषितांची कृत्ये ६ : १–६



यरुशलेमेच्या मंडळीत कुरकुर सुरू झाली, ती विधवांच्या रोजच्या अन्नवाटपाविषयी. ज्यांचा कैवार घेणारे घरी कोणी नव्हते, त्यांच्याकडे दुर्लक्ष होत होते. तेव्हा प्रेषितांनी या कामावर हाताला लागेल तो मनुष्य नेमिला नाही. ज्यांच्याविषयी लोक चांगली साक्ष देतात असे सात पुरुष शोधावयास त्यांनी मंडळीस सांगितले. मग प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेविले. हा क्रम ध्यानात घ्यावा. आधी शोध, मग साक्ष, मग प्रार्थना आणि नेमणूक. पुष्कळ ठिकाणी आज प्रार्थना करून नेमणूक होते, आणि शोध मात्र अनर्थ घडल्यावर सुरू होतो.

आपल्या मंडळ्यांतील किती आईबाप आपली लेकरे बोर्डिंगात ठेवून कामाला जातात! वसतिगृह, अनाथालय, वृद्धाश्रम, संडेस्कूल, या ठिकाणी जे राहतात किंवा येतात, त्यांस दार आतून उघडता येत नाही. त्या दाराची किल्ली आम्ही कोणाच्या हाती देतो?

शेतकरी बाजारात बैल घेतो, तेव्हा दात पाहतो, चालवून पाहतो, औतास जुंपून पाहतो, आणि मागच्या धन्याने तो का विकावयास काढिला हेही विचारतो. मग लेकरांवर राखणदार ठेविताना, “अमक्याचा मेहुणा आहे, बिचारा बेकार आहे, उपासनेस नेमाने येतो,” एवढ्यावरच आम्ही संतुष्ट व्हावे काय? बेकारावर दया करणे उचित आहे; परंतु त्या दयेचे मोल लेकराने भरावे, हे उचित नाही.

२०२४ सालच्या ऑगस्ट महिन्यात बदलापुरातील एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली, आणि ज्याच्यावर आरोप आला तो सफाईच्या कामावर नुकताच ठेविलेला कंत्राटी नोकर होता. कायदा तर पूर्वीच झाला होता. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा, ‘पॉक्सो’ नावाचा कायदा २०१२ चा आहे. त्याचे २०२० चे नियम सांगतात की, जेथे मुले राहतात किंवा नेहमी येतात, तेथील प्रत्येक नोकराची, मग तो शिक्षक असो वा झाडूवाला, कायम असो वा कंत्राटी, पोलिसांकडून व इतर रीतीने वेळोवेळी पडताळणी व्हावी.

परंतु पोलिसांच्या दप्तरात नोंदलेलाच अपराध सापडतो. जो चारचौघांत दाबून टाकिला, तो सापडत नाही. म्हणून पंचांनी अर्ज लेखी घ्यावा, मधली वर्षे कोठे गेली ते विचारावे, मागच्या दोन ठिकाणी स्वतः चौकशी करून, “याच्या हाती तुम्ही पुन्हा मुले द्याल काय?” असा सरळ प्रश्न करावा. मुलाखतीस स्त्रियांनीही बसावे. प्रथम काही महिने परीक्षेचे असावे. पौलानेही तीमथ्यास सेवकांविषयी हेच कळविले. आणि हा नियम खजिनदाराच्या पुत्रासही लागू असावा.

शिफारसपत्राविषयी एक शब्द. एका बोर्डिंगातून ज्यास गुपचूप काढिले, त्यास चांगले पत्र देऊन दुसऱ्या बोर्डिंगात धाडणे म्हणजे लांडग्यास शेजाऱ्याचा मेंढवाडा दाखविणे होय. असे पत्र लिहिणारा खोटी साक्ष देतो.

कोणी म्हणेल, “ख्रिस्ताने पाप्याला क्षमा केली नाही काय?” केली. पश्चात्ताप करणाऱ्यास उपासनेत आमच्याशेजारी जागा आहे. पण मुलांच्या खोलीची किल्ली हा क्षमेचा भाग नव्हे. जो खरोखर पस्तावला, तो ती किल्ली मागणारही नाही.

तथापि पारख नेमणुकीच्या दिवशी संपत नाही. बारांमध्येही यहूदा होता. म्हणून कोणीही नोकर बंद खोलीत एकट्या मुलाबरोबर नसावा, आणि मुलाने काही सांगितले तर, “असे बोलू नये,” म्हणून त्याचे तोंड बंद करू नये. मंडळीचे नाव जाईल या भीतीने गप्प राहणे हा कायद्यानेही अपराध आहे. जो जाणूनही कळवीत नाही त्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्याचा अपराध लपवील तर त्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. खबर पोलिसांस द्यावी; १०९८ या क्रमांकावर मूल स्वतःही मदत मागू शकते.

बंधूंनो, पुढच्या पंचसभेत बोर्डिंगाचा हिशेब वाचला जाईल, तेव्हा पैशांबरोबर हेही विचारा : येथे कामास असलेल्या प्रत्येकाची चौकशी कोणी केली, केव्हा केली, आणि तो कागद कोठे आहे? उत्तम मेंढपाळ आपल्या प्रत्येक मेंढरास नावाने ओळखतो. त्याच्या दाराशी ज्यास उभे करावयाचे, त्यास आपण निदान ओळखून घ्यावे. या कामी प्रभू आपणांस सुबुद्धी व धैर्य देवो. आमेन.