वायर तोडली त्या रात्रीनंतर

चकलांब्यात रस्त्याला लागून माझ्या पत्र्याच्या तीन खोल्या आहेत. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा हातात आलेल्या पैशातून बांधल्या. मधली खोली एका टेम्पोवाल्याला दिली. तो, बायको, दोन लेकरं आणि म्हातारी आई. महिना 1800 रुपये. अनामत घेतली नाही, कागद केला नाही. ‘गुरुजी, मी काय पळून जातोय का?’ असं तो म्हणाला, आणि त्याच्यासमोर कागद काढायची मला लाज वाटली.

पाच महिने भाडं वेळेवर आलं. पुढचे सात महिने आलंच नाही. मी रोज दारावरून जायचो, लेकरांची चौकशी करायचो, पैशाचं नाव काढायचो नाही. ही क्षमा आहे, असं मनाला सांगत होतो. मग एप्रिलातल्या एका रात्री, ती माणसं पंख्याखाली झोपलेली असताना, मी त्या खोलीकडे जाणारी वायर पकडीनं तोडली. म्हातारी बाहेर येऊन ओट्यावर बसली. पहाटेपर्यंत पदरानं वारा घेत होती. तिनं मला पाहिलं, पण एक शब्द बोलली नाही.

सात महिने माझ्या मनात होती ती क्षमा असेल, तर एका रात्रीत ती गेली कुठं?

आमच्या भजनी मंडळातले एक जण म्हणाले, ‘गुरुजी, पैठणच्या नाथांवर एक माणूस पुन्हा पुन्हा थुंकला, नाथ प्रत्येक वेळी गोदावरीत स्नान करून आले. तुम्हाला सात महिने निघाले नाहीत?’ ही कथा मी वर्गात कितीदा सांगितली आहे. पण त्या दिवशी ती मला नव्यानं कळली. नाथांच्या मनात हिशेबच नव्हता. मी मात्र तोंडानं गोड बोलत होतो आणि आत एकेक महिना मोजत होतो. ती क्षमा नव्हतीच, भीड होती. भीड साचत गेली की तिचा राग होतो, आणि तो राग जो समोर सापडेल त्याच्यावर निघतो. माझा एका म्हातारीवर निघाला.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घरभाड्याचा नियम आहे. मालकानं सोडायला सांगूनही घरात राहणाऱ्या भाडेकरूला 12 पण दंड, आणि भाडेकरूला विनाकारण हुसकावणाऱ्या मालकालाही तेवढाच. चोरी, मारहाण असं काही भाडेकरूकडून घडलं असेल तर गोष्ट वेगळी. दोघांना एकच दंड, हे मला फार मोलाचं वाटतं. घर माझं आहे म्हणून माझा अन्याय लहान ठरत नाही आणि तो गरीब आहे म्हणून त्याचाही नाही.

आजचा कायदाही मालकाला मोकळं सोडत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा. तो जिथं लागू आहे तिथं भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकावर आहे. करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. वीज-पाणी तोडणं तर त्यात गुन्हाच आहे. हा कायदा मुख्यतः शहरांचा. पण 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही महिन्याच्या भाड्यासाठी 15 दिवसांच्या नोटिशीची वाट आहे. पहिला महिना चुकला तेव्हाच मी बोललो असतो, तिसऱ्याला नोटीस दिली असती, तर पकड हातात घ्यायची वेळ आली नसती. कागद करणं म्हणजे माणसावर अविश्वास, असं मी तोवर समजत होतो. आता मला वाटतं, कागद भाडेकरूला माझ्या रागापासून वाचवतो, आणि मलाही.

त्या रात्रीनंतर सकाळीच मी वायर जोडून घेतली. ज्येष्ठात टेम्पोवाल्यानं आपणहून खोली सोडली. नव्या भाडेकरूशी अकरा महिन्यांचा करार केला, दोन महिन्यांची अनामत घेतली, त्याच्या आधार कार्डाची प्रत पोलीस ठाण्यात दिली. सगळं पहिल्या दिवशी, त्याच्या समोर, चहा पिता पिता झालं. त्याला राग आला नाही.

जुन्या सात महिन्यांचे 12,600 रुपये मी मागितले नाहीत. या वेळी मनात हिशेब ठेवला नाही. म्हातारी आता लेकीकडे राहते. तिथं जाऊन मी तिची माफी मागितली.