बिनसहीचे जामीनदार

देवाने माणसाला छाती दिली ती श्वास घेण्यासाठी; माणूस ती फुगवण्यासाठीच जास्त वापरतो. स्वतःची फुगेनाशी झाली की मग वस्तूंची फुगवतो. घराला कमान, पत्रिकेवर नावापुढे पदवी, आणि मोटारीला स्पेसर!

स्पेसर म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये बसवायची धातूची जाड चकती. ती घातली की चाके बाहेर सरकतात आणि गाडी आखाड्यातल्या पैलवानासारखी पाय फाकून उभी राहते. पालघर-बोईसर येजा करणाऱ्या गाडीने कुस्ती कोणाशी धरायची, हे विचारायचे नसते. एमआयडीसीचे टँकर आणि श्रावणातले खड्डे, दोघेही वजनाने भारी.

आमच्या शाखेतल्या एका चिरंजीवांनी या चकत्या आणल्या. "नुसत्या दहा मिलिमीटरच्या आहेत, काका!" म्हणाले.

मी पडलो बी.कॉम. आकडा दिसला की वजाबाकी केल्याशिवाय राहवत नाही. बऱ्याच गाड्यांचा स्टड १२ मिलिमीटर जाडीचा, त्याचे आटे दीड-दीड मिलिमीटरवर. स्टडच्या जाडीइतका तरी नट त्यावर चढावा, हा फिटरमंडळींचा ठोकताळा. म्हणजे आठ फेरे. मुळात आठच असतील, तर दहा मिलिमीटरच्या चकतीने साडेसहाहून जास्त खाल्ले. शिल्लक दीडाच्याही आत! एवढ्या शिलकीवर आम्ही चेकबुकसुद्धा देत नाही.

तारापूरच्या कारखान्यात जन्म काढलेले आमचे शेजारी फिटर म्हणाले, "लावायच्याच तर रीतसर लाव, बाबा. हबवर घट्ट बसणारी चकती घे, गंज खरवडून काढ, स्टड लांब घाल. नट समोरासमोरचे आवळ, तेही टॉर्क रेंचने, पाय देऊन नव्हे. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपास. एकावर एक दोन चकत्या कधी चढवू नकोस. आणि एवढं करूनही बेअरिंगवरचा भार वाढतोच, तो वाढतोच."

इतकी पथ्ये तर आमच्या काकूंच्या चातुर्मासातही नसतात. चिरंजीव चिडले. "गाडी माझी, पैसा माझा, जीव माझा! लोकांचं काय जातंय?"

गाडी अजून पाच वर्षे बँकेची आहे, ते सोडा. पण प्रश्न मोठा आहे. आपला जीव धोक्यात घालायचा हक्क माणसाला आहे की नाही? असावा. आंब्यावर चढणारा पडला तर आंब्याखालीच पडतो. निखळलेले चाक मात्र मालकापाशी थांबत नाही. ते गाडीचा वेग घेऊन एकटेच पुढे निघते आणि पाळी संपवून सायकलवरून घरी जाणाऱ्या कोणाला तरी गाठते. त्याने या हौसेला जामीन राहायचे कधी कबूल केले होते? बँकेतला जामीनदार निदान सही करतो, न वाचता का होईना. वर चहा पितो. रस्त्यावरच्याला तोही नाही.

कोणी म्हणेल, मग गाडीच चालवू नका. धोका प्रत्येक गाडीत असतोच. खरे आहे. पण तो देवघेवीचा धोका. टँकर, एसटी, रिक्षा सगळ्यांना कुठेतरी पोचायचे असते, म्हणून मी तुमचा धोका सोसतो, तुम्ही माझा. खाते जमते. ऐटीच्या धोक्यात जमा एकाकडे आणि नावे दुसऱ्याकडे! कायद्यानेही हे ओळखले आहे: १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ रचनेविरुद्ध फेरफार करू देत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच बजावले. वर विमा कंपनीही न कळवलेल्या फेरफारावर बोट ठेवू शकते.

हौसेला माझा विरोध नाही. अत्तर लावा, मिशीला पीळ द्या, गाडीला मोरपंखी रंग द्या (आरटीओला कळवून). ज्या ऐटीचे बिल आपल्याच पत्त्यावर येते, ती खुशाल करावी. बिल परस्पर शेजाऱ्याकडे जात असेल, तर आधी त्याची सही आणावी. आणि तो सही करायला निघालाच, तर माणुसकी म्हणून त्याला निदान चहा तरी पाजावा.