घट, वात आणि तळातले पाणी

आश्विन शुद्ध प्रतिपदेला परभणी जिल्ह्यातल्या असंख्य घरांत जो घट बसतो, त्याचा विधी सर्वांच्या परिचयाचा असला, तरी त्या विधीत पाणी कुठून कुठे जाते याकडे क्वचितच लक्ष दिले जाते. पत्रावळीवर किंवा परडीत वावरातली काळी माती पसरली जाते, तिच्या मधोमध कच्च्या पोताचा, म्हणजे झिलई न दिलेला, मातीचा घट पाण्याने भरून ठेवला जातो आणि त्याच्या भोवती ज्वारी, गहू, हरभरा अशी पाच किंवा सात धान्ये पेरली जातात. त्यानंतर नऊ दिवस घटाच्या अंगातून पाणी पाझरत राहते, माती ओली राहते आणि देवघराच्या अंधारात धान वाढते. ते पिवळे असते, कारण उजेडावाचून पानांत हरितद्रव्य तयार होत नाही. घराच्या आत, मातीच्या थरात, वरून न शिंपता आतल्या साठ्यातून ओल पुरवून रोपे वाढवण्याची ही रीत आहे, आणि आज शहरांतल्या सज्जांत व खिडक्यांत दुहेरी तळाच्या बादल्या करून जी भाजी पिकवली जाते, तिची रचना तत्त्वतः याहून निराळी नाही.

या बादलीची घडण थोडक्यात अशी असते. साधारण वीस लिटरच्या, रंगाच्या रिकाम्या बादलीचा खालचा पाव भाग पाण्यासाठी राखून ठेवतात. त्यावर भोके पाडलेली चकती किंवा उपडी टोपली बसवून वर माती भरतात. मातीचाच एक खांब किंवा सुती कापडाची जाड वात त्या पाण्यात उतरवतात. वरून तळापर्यंत जाणारी एक नळी पाणी भरण्यासाठी ठेवतात आणि चकतीच्या किंचित खाली बादलीला बाहेरून एक छिद्र पाडतात, म्हणजे जास्तीचे पाणी वाहून जाते आणि पाणी व माती यांच्यामध्ये हवेची पोकळी शिल्लक राहते. पाणी ज्या बळाने वर चढते त्याला केशाकर्षण म्हणतात, म्हणजे केसासारख्या बारीक पोकळीत द्रवाचे आपणहून वर जाणे. ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या काचेच्या नळीत पाणी सुमारे १५ सेंटिमीटर चढते आणि नळी निम्म्याने बारीक झाली की ही उंची दुप्पट होते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या हेच काम करतात. परभणीच्या काळ्या चिकण मातीत या पोकळ्या अतिशय सूक्ष्म असल्याने ती पाणी पुष्कळ धरते, पण ओली झाली की फुगते आणि मुळांना हवा उरत नाही, म्हणून ती एकटीच बादलीत भरून चालत नाही. तिच्यात कुजलेले शेणखत आणि नारळाचा भुसा चांगल्या प्रमाणात मिसळावा लागतो.

घटाची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. मडक्याच्या भिंतीतून पाणी किती पाझरावे हे बाहेरची माती ठरवते: ती कोरडी असेल तर तिची ओढ वाढते आणि पाझर वेगाने होतो, ती ओली झाली की ओढ घटते आणि पाझर मंदावतो. जमिनीत मडके पुरून वेलींना पाणी देण्याच्या, आपल्याकडे मटका सिंचन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचा पायाही हाच आहे, आणि ही पद्धत दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी कृषिग्रंथातही वर्णिलेली आहे. काही घरांत मातीऐवजी तांब्याचा कलश बसवतात. त्या कलशातून थेंबभरही पाणी बाहेर येत नाही, म्हणून तिथे मातीवर रोज हाताने पाणी शिंपडावे लागते. देवतेच्या दृष्टीने दोन्ही घट सारखेच मानले गेले आहेत, परंतु एक स्वतः देतो आणि दुसऱ्याच्या वतीने माणसाला द्यावे लागते, हा भेद लहान नाही.

ज्या देवघरात घट असतो तिथेच नऊ दिवसांचा नंदादीपही तेवत असतो, आणि या दोहोंचे नाते पुरेसे ओळखले गेलेले नाही. समईतले तेल खाली असते आणि ज्योत वर असते; तेलाला वर नेणारी कोणतीही शक्ती बाहेरून लावलेली नसते, कापसाच्या तंतूंमधल्या पोकळ्याच ते वर खेचतात, आणि टोकाशी तेल जळून जात असल्यामुळे मागून येणाऱ्या तेलाला जागा होत राहते. रोपातही असेच घडते: पानांतून पाणी वाफ होऊन निघून जाते आणि त्या रिकामपणाच्या ओढीने मुळांपासून शेंड्यापर्यंत पाण्याची अखंड धार वर चढते. म्हणजे घटातून पाझरणारे पाणी, अंकुरात चढणारे पाणी आणि वातीतून चढणारे तेल ही तिन्ही जिथे काही खर्ची पडत आहे त्या दिशेने जातात. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात माळी नेईल तिकडे निमूटपणे जाणाऱ्या पाण्याची उपमा निरहंकार कर्मासाठी आलेली आहे. ते पाटाचे पाणी आहे, उताराने आणि दुसऱ्याच्या इच्छेने जाणारे. वातीतला आणि अंकुरातला द्रव मात्र चढाने जातो आणि त्याला नेणारा माळी कोणी नाही; त्याला वाट दाखवते ती समोरची गरज. कर्मयोगाच्या चर्चेत पहिल्या पाण्याला जो मान मिळाला तो या दुसऱ्या पाण्यालाही मिळावयास हवा.

येथून खरा प्रश्न सुरू होतो. रोपाला पाणी घालणे ही भारतीय घरात केवळ बागकामाची बाब कधीच नव्हती. तुळशीला रोज पाणी घालणे हे नित्यकर्म आहे, म्हणजे ज्याचे विशेष फळ सांगितलेले नसले तरी जे न केल्यास दोष मानला जातो असे कर्म. जर पंधरवड्यातून एकदा नळीतून पाणी ओतून रोप तितकेच, किंबहुना अधिक, टवटवीत राहत असेल, तर रोजच्या पाणी घालण्याचे काय झाले? सेवेचे प्रयोजन सेव्याची गरज भागवणे एवढेच असेल, तर गरज भागवणारे साधन मिळताच सेवा संपली पाहिजे. आणि ती संपत नसेल, तर ती आधीपासूनच गरजेखेरीज आणखी कशासाठी तरी होत होती असे मानावे लागते.

पूर्वमीमांसेने, म्हणजे वैदिक कर्माचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाने, या प्रश्नाच्या जवळ जाणारा विचार फार पूर्वी केलेला आहे. जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात प्रतिनिधीची, म्हणजे एकाच्या जागी दुसरे चालते की नाही याची, चर्चा आहे. सांगितलेले तांदूळ मिळाले नाहीत तर नीवार, म्हणजे रानटी भात, वापरून यज्ञ पुरा करता येतो. द्रव्याला प्रतिनिधी चालतो. परंतु देवता, मंत्र आणि स्वतः यजमान यांना प्रतिनिधी नाही. ज्याचे कर्म आहे त्याच्या जागी दुसरा उभा केला तर ते कर्म त्याचे राहत नाही. हा निवाडा बादलीला लावून पाहिला तर उत्तर बरेच स्पष्ट होते. बादलीतला साठा हा लोट्याचा प्रतिनिधी आहे, हाताचा प्रतिनिधी आहे, फार तर घरात त्या दिवशी नसलेल्या माणसाच्या श्रमाचा प्रतिनिधी आहे. तो यजमानाचा प्रतिनिधी होऊ शकत नाही.

परंपरेने अशी साधने अव्हेरली होती असेही नाही. शिवलिंगावर टांगलेले, बुडाला बारीक छिद्र असलेले अभिषेकपात्र, ज्याला गळती किंवा गलंतिका म्हणतात, ते पुजारी समोर नसतानाही थेंब थेंब पाणी देत राहते. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्ये यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या धर्मसिंधूत वैशाखातल्या पुण्यकर्मांमध्ये देवावर गलंतिका बांधणे आणि वाटसरूंसाठी पाणपोई घालणे ही दोन्ही एकत्र सांगितली आहेत. या शेजाराला अर्थ आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असताना, पाणपोई घालणारा माणूस प्रत्येक वाटसरूच्या ओंजळीत स्वतः पाणी ओतत बसत नाही. तो रांजण भरून ठेवतो आणि तहान लागलेला येऊन घेतो. घेणाऱ्याची वेळ घेणाऱ्याने ठरवावी, देणाऱ्याने रांजण रिता होऊ देऊ नये, हा पाणपोईचा धर्म आहे, आणि तळातून पाणी घेणाऱ्या कुंडीचाही तोच आहे.

वरून दिलेल्या पाण्याची एक उणीव तर श्रद्धावंत घरांनीच दाखवून दिली आहे. लहानशा वृंदावनात लावलेल्या तुळशीला आजी, सून आणि नात अशा तिघींनी सकाळी वेगवेगळे पाणी घातले, आणि ते श्रावणातही, हिवाळ्यातही तसेच घातले, तर मुळे कुजतात आणि तुळस वाळते. त्यानंतर घरावर काही अरिष्ट येणार अशी कुजबूज सुरू होते. वस्तुतः ती तुळस भक्तीच्या अभावाने मेलेली नसते. देणाऱ्याने आपल्या देण्याच्या गरजेकडे पाहिले आणि घेणाऱ्याच्या गरजेकडे पाहिले नाही, म्हणून ती मेलेली असते. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात पान, फूल, फळ आणि पाणी यांचे अर्पण देव स्वीकारतो असे म्हटले आहे, पण ते भक्तीने दिलेले असावे एवढीच तिथे अट आहे, ते पुष्कळ असावे अशी नाही. तुळशीला आचमनभर पाणी पुरते. उरलेले पाणी, विशेषतः जिथे नळ काही दिवसांआड येतो आणि घागर दुरून आणावी लागते तिथे, ओतून देणे हे अर्पण नव्हे.

मग बादली भरून ठेवली की यजमान मोकळा झाला काय? येथे मातीचे शास्त्र आणि आचाराचे शास्त्र एकच उत्तर देतात. तळातून वर चढणारे पाणी आपल्याबरोबर विरघळलेले क्षार आणते, पृष्ठभागाशी पोचल्यावर पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. बोअरचे जड पाणी वापरले तर काही महिन्यांत मातीवर पांढरी पापडी धरते आणि पानांच्या कडा करपू लागतात. कालव्याच्या लाभक्षेत्रात ज्या काळ्या जमिनींना निचरा नसतो त्या याच कारणाने क्षारपड आणि चोपण होतात. बादली हे त्या शेताचे लहान रूप आहे. त्यावर उपाय एकच, मधूनमधून वरून भरपूर पाणी घालून क्षार धुऊन काढणे आणि ते बाहेरच्या छिद्रातून जाऊ देणे. ज्या व्यवस्थेत फक्त येणे आहे आणि जाणे नाही ती कितीही कुशलतेने रचलेली असली तरी शेवटी स्वतःलाच खारट करते. दुसरा धोका झाकलेल्या पाण्याचा आहे: नळीचे तोंड उघडे राहिले तर आत डासांच्या अळ्या होतात. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या डोंगरात ज्या जैन परंपरेच्या गुंफा आहेत, तिने जयणा नावाचा एक गुण सांगितला आहे. त्याचा अर्थ, आपल्या हालचालीने कोणत्या जिवाला बाधा होईल याकडे सतत ठेवलेले अवधान. त्या दृष्टीने पाहता अळ्या झाल्यावर त्या मारण्यापेक्षा नळीला बारीक कापड बांधणे हा धर्म आहे, आणि तो रोज पाहणाऱ्यालाच सुचतो.

गीतेच्या तेराव्या अध्यायात देहात राहणाऱ्या परम पुरुषाला उपद्रष्टा आणि भर्ता ही दोन विशेषणे एकाच ओळीत दिली आहेत. उपद्रष्टा म्हणजे अगदी जवळून पाहणारा आणि भर्ता म्हणजे भरणपोषण करणारा. रोप वाढवणाऱ्या माणसाकडे ही दोन्ही कामे एकत्र होती, आणि हातात लोटा असल्यामुळे ती दोन आहेत हे त्याच्या ध्यानात येत नव्हते. तळातल्या साठ्याने त्यांची ताटातूट केली: पोषणाचे काम भांड्याकडे गेले, पाहण्याचे काम मात्र भांड्याकडे जाऊ शकत नाही. नंदादीपाचेही असेच आहे. तेल वातीने आपोआप चढते, तरी काजळी झटकण्यासाठी आणि वात पुढे सारण्यासाठी रात्री कोणीतरी उठते, आणि दीप अखंड राहिला याचे श्रेय घरात त्या उठणाऱ्यालाच दिले जाते.

गोदावरीकाठच्या गंगाखेडची जनाबाई आणि विठ्ठल यांच्याविषयी जी परंपरा सांगितली जाते, तिच्यात देव तिच्याबरोबर दळायला बसतो आणि शेणी वेचतो. त्याने जाते आपोआप फिरेल अशी योजना केली असती तर ते त्याला अवघड नव्हते, परंतु वारकरी मनाने अशी कथा रचली नाही. त्या मनाने देवाला खुंट्याशी आणून बसवले. याचा अर्थ श्रम पवित्र आहेत म्हणून ते कमी करू नयेत असा काढणे चुकीचे ठरेल. डोक्यावरून पाणी आणणाऱ्या बाईचे दोन हेलपाटे जर एका जुन्या बादलीने वाचत असतील, तर ती बादली धर्माला धरूनच आहे, आणि तिला विरोध करणाऱ्याने ती घागर आधी स्वतः उचलावी. कथा सांगते ती सोबतीची गोष्ट. श्रम वाटून घेता येतात, कमी करता येतात, यंत्राला देता येतात. जवळ असणे देता येत नाही.

म्हणून पालक, मेथी, मिरची तळातून पाणी घेणाऱ्या कुंडीत खुशाल लावावी, आणि तुळस मात्र निचरा होणाऱ्या मातीत ठेवून तिला सकाळचे आचमनभर पाणी हातानेच द्यावे. पहिल्या ठिकाणी गरज मुख्य आहे आणि दुसऱ्या ठिकाणी भेट मुख्य आहे. दोन्ही ठिकाणी रोज एकदा वाकून पाहणे सारखेच लागते. दसऱ्याला घट हलवला जातो तेव्हा धान उपटून देवाला वाहतात, पुरुष टोपीत किंवा पागोट्यात खोवतात, उरलेले पाणी घरभर शिंपडतात आणि माती वावरात परत नेऊन टाकतात. त्याच सुमारास त्या वावरात रब्बीच्या ज्वारीची पेरणी चालू असते, आणि कोणते बियाणे किती जोमाने उगवले हे शेतकऱ्याने नऊ दिवस घटाशेजारी बसून आधीच पाहून ठेवलेले असते.