विक्रीखत लिहिणारा हात



आपण ध्यानाला बसतो तेव्हा मनात येणारा प्रत्येक विचार 'आतला आवाज' नसतो. भूक बोलते, भीती बोलते, कालचं भांडण बोलतं. मग खरा आवाज ओळखायचा कसा? हा प्रश्न आपल्यातल्या अनेकांना पडत असेल. ख्रिस्ती परंपरेतल्या एका छोट्या पंथाने या एकाच प्रश्नावर साडेतीनशेहून अधिक वर्षं काम केलं आहे. त्यांना क्वेकर म्हणतात. ते स्वतःला 'मित्र' म्हणवतात.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स नावाचा तरुण एकेका धर्मगुरूकडे जाऊन आपली व्याकुळता सांगत होता. कोणाचंच उत्तर त्याला पुरलं नाही. सगळे बाहेरचे आधार संपल्यावर, 1647 च्या सुमारास, त्याला अनुभव आला की ख्रिस्त स्वतःच आत बसून शिकवतो, मधल्या माणसाची गरज नाही. प्रत्येक माणसात ईश्वराचा काही अंश आहे, ही त्याची शिकवण. म्हणून क्वेकरांच्या जुन्या पद्धतीच्या सभेत व्यासपीठ नाही, पुरोहित नाही, ठरलेली प्रार्थनाही नाही. सगळे शांत बसतात. कोणाला आतून अगदी राहवलं नाही तर तो उभा राहतो, चार वाक्यं बोलतो आणि बसतो. कधी संपूर्ण तास कोणीच बोलत नाही. आज उदारमतवादी ख्रिस्ती लोक 'ज्ञान आत शोधा' असं म्हणतात, तेव्हा त्यांच्यापैकी बरेच जण या मौनाकडे वळून पाहतात.

इथपर्यंत आपल्याला सगळं ओळखीचं वाटेल. अंतर्यामी, साक्षी, मौन हे शब्द आपल्या तोंडात रुळलेले आहेत. माझा अडथळा पुढे आला. या मंडळींचा एक खास शब्द आहे, 'कन्सर्न'. भाषांतर करताना मी आधी 'चिंता' लिहिलं. ते साफ चुकलं. मग 'तळमळ' लिहिलं, तेही पुरेना. शेवटी 'टोचणी' लिहिलं. का, ते जॉन वूलमन या माणसाच्या गोष्टीतून सांगते. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, त्यामुळे हिशेब लिहिणारा संत मला जरा जास्तच जवळचा वाटतो, हेही कबूल करते.

वूलमन 1720 साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीत शेतकरी घरात जन्मला. एकविसाव्या वर्षी माउंट हॉली गावातल्या एका दुकानात लागला. काम दुकान सांभाळणं आणि वह्या लिहिणं. एके दिवशी मालकाने सांगितलं, माझी गुलाम बाई विकली आहे, विक्रीखत लिहून दे. विकत घेणारा समोरच उभा होता, तोही वयस्कर क्वेकर, म्हणजे आपल्यातलाच. वूलमनला आतून नको वाटलं. पण मालकाने वर्षाच्या पगारावर ठेवलेलं, गिऱ्हाईक ताटकळलेलं, माणूस सज्जन. त्याने लिहून दिलं. लिहून झाल्यावर मन इतकं जड झालं की त्या दोघांसमोर तो म्हणाला, गुलाम ठेवणं ख्रिस्ती धर्माला धरून आहे असं मला वाटत नाही. त्याने थोडं हलकं वाटलं. पण पुढे जेव्हा जेव्हा आठवलं तेव्हा त्याला वाटत राहिलं, की सरळ नकार दिला असता तर मन स्वच्छ राहिलं असतं.

साधकहो, इथे जरा थांबा. आवाज खत लिहिण्याआधी आला होता, आणि तो त्याला नीट ऐकूही आला होता. हात तरीही चालला. नंतर बोलून दाखवलं, पण ती बाई विकली गेलीच. तिचं नावही त्याने नोंदवून ठेवलेलं नाही.

काही काळाने दुसरा एक तरुण असंच खत लिहून घ्यायला आला. या वेळी वूलमनने शांतपणे नकार दिला. गंमत अशी, की त्या तरुणानेही कबूल केलं की त्यालाही हे पटत नव्हतं, पण ती गुलाम बायकोला भेट मिळाली म्हणून त्याने ठेवून घेतली होती. म्हणजे टोचणी दोघांनाही होती. एकाने नाही म्हटल्यावर दुसऱ्याला ती बोलता आली.

पुढे शेजारचा एक आजारी माणूस मृत्युपत्र लिहून घेऊ लागला. वूलमनने बाकी सगळं लिहिलं, गुलामाचा भाग सोडला, पैसे घेतले नाहीत, आणि कारण सांगितलं. बोलणं झालं आणि त्या माणसाने गुलामाला मुक्त करायचं मान्य केलं. स्वतःचं दुकान भरभराटीला आलं तेव्हा वूलमनने ते हळूहळू आवरलं. पसारा वाढला की आतलं ऐकू येत नाही, असं त्याला वाटलं. शिंपीकाम आणि फळबाग एवढंच ठेवलं. 1758 साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत गुलामीचा विषय निघाला. बरेच जण 'थांबा, देव मार्ग दाखवील' म्हणत होते. तो उठून बोलला, आणि गुलाम बाळगणाऱ्या बांधवांच्या घरी जाऊन बोलायला माणसं नेमली गेली. तोही त्यांत होता. 1772 मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात तो देवीच्या आजाराने गेला. त्यानंतर चार वर्षांनी, 1776 साली, त्या वार्षिक सभेने गुलाम ठेवणाऱ्याला पंथात जागा नाही असं ठरवलं. पहिल्या खतापासून तीसहून अधिक वर्षं.

मग अहंकार आणि अंतःप्रेरणा यांत फरक कसा करायचा? क्वेकर त्यासाठी एकट्याच्या अनुभवावर विसंबत नाहीत. कोणाला मोठा निर्णय घ्यायचा असेल तर चार-पाच मित्र त्याच्याभोवती बसतात. नियम कडक आहे, सल्ला द्यायचा नाही. फक्त प्रश्न विचारायचे, आणि तेही ज्यांचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत नाही असे. 'तू नोकरी सोडून का देत नाहीस?' हा प्रश्न चालत नाही, कारण तो सल्लाच आहे. प्रश्नांच्या मध्ये भरपूर शांतता. सल्ला गिळून बसणं किती अवघड आहे, ते घरी एकदा करून पाहा. मी आईबरोबर करून पाहिलं. तिसऱ्या मिनिटाला दोघींनीही नियम मोडला.

आपल्याकडेही या परंपरेची माणसं येऊन राहिली. मार्जरी साइक्स 1928 साली शिक्षिका म्हणून भारतात आल्या, पुढे वर्ध्याजवळ सेवाग्रामला नई तालीमच्या कामात होत्या. गांधीजींचा 'आतला आवाज' त्यांना परका वाटला नसावा.

आता माझं. गेल्या वर्षी मी एका ऑफिसात हिशेबाचं काम शिकत होते. एका अशिलाचं बँकेला द्यायचं स्टॉक स्टेटमेंट टाइप करायला सांगितलं. गोदामातला माल आणि कागदावरचा माल यांत मोठा फरक होता, कागदावरचा जास्त. सीसी लिमिट टिकावी म्हणून. मी टाइप केलं. संध्याकाळी सरांना म्हटलं, "सर, हे बरोबर नाही वाटत." ते हसून म्हणाले, "अगं, सगळेच करतात." बोलून थोडं हलकं वाटलं, अगदी वूलमनसारखं. वूलमनची गोष्ट तेव्हा मला माहीत नव्हती.

पुढच्या महिन्यात तेच काम परत आलं तेव्हा माहीत होती. मी म्हटलं, "सर, एवढं मला नका देऊ." ते रागावले नाहीत. फाइल उचलली आणि शेजारच्या टेबलावर ठेवली. तिथला मुलगा माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि टाइप करायला लागला. त्याच्याशी अजून माझं बोलणं झालेलं नाही. उद्या डब्याच्या वेळी त्याला विचारणार आहे, सल्ला न देता.