मुस्तफा कोणत्या यादीत?

जगातल्या सर्वोत्तम व्हिडिओ गेमच्या याद्या दरवर्षी निघतात आणि त्यांतली वरची नावं फारशी हलत नाहीत. 1998 चा ‘झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम’ असतो, ‘टेट्रिस’ असतो, मारिओचा एखादा भाग असतो. हाच प्रश्न पुण्यात विश्रांतवाडीच्या चौकात चाळिशी ओलांडलेल्या कुणाला विचारला, तर तो आधी ‘कॉन्ट्रा’ म्हणेल आणि लगेच ‘मुस्तफा’. त्याच्याहून सात-आठ वर्षांनी धाकटा असेल तर ‘आयजीआय’, ‘व्हाइस सिटी’, ‘काउंटर-स्ट्राइक’. झेल्डा बहुतेकांच्या गावीही नसतो.

हा फरक निव्वळ आवडीनिवडीचा आहे असं मला वाटत नाही. खेळ आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आले, कुणाच्या घरात शिरले, किती जणांनी मिळून खेळले, हे सगळं त्या दुसऱ्या यादीत साठलेलं आहे. ते फारसं कुणी लिहून ठेवत नाही, आणि याची मला मनापासून काळजी वाटते.

मुस्तफाचंच पाहा. या नावाचा गेम कुणी कधी काढलाच नाही. 1993 मध्ये जपानच्या कॅपकॉम कंपनीने ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ काढला. मार्क शुल्ट्झ या अमेरिकी चित्रकाराच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या चित्रकथेवर तो बेतलेला होता. त्यात चार नायक : जॅक, हॅना, मेस आणि मुस्तफा कैरो. मुस्तफा सगळ्यांत चपळ, धावत जाऊन लाथ घालणारा. आपल्या देशातल्या पार्लरांमधून अख्खा गेमच त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. मला कारण साधं दिसतं. त्या चौघांत आमच्या वर्गाच्या हजेरीत सापडेल असं नाव हे एकच होतं. संरक्षण खात्यातली कुटुंबं, खडकीच्या कारखान्यात जाणारे कामगार, जुनं गावठाण आणि नव्याने उभ्या राहणाऱ्या सोसायट्या अशी सरमिसळ असलेल्या विश्रांतवाडीत वर्गात एखादा मुस्तफा असायचाच. पोरांनी परक्या गोष्टीतला आपला माणूस हेरला आणि गेम त्याच्या नावावर करून टाकला.

हा गेम घरी खेळायच्या यंत्रांवर आलाच नाही. त्यामुळे मुस्तफाची आठवण पार्लरपासून सुटी करता येत नाही. पत्र्याचं छत, दाराला पडदा, आत घामाचा वास, एक रुपयाचं नाणं, आणि खेळणाऱ्याच्या मागे उभी राहिलेली चार-पाच पोरं. त्यांच्या खिशात पैसे नसत. सल्ले मात्र भरपूर. “आता उडी मार”, “बॉसला कोपऱ्यात घे”, “ते खाऊ नको, लाइफ कमी झाल्यावर खा.” या मागे उभ्या राहणाऱ्यांना मी खेळाडूच मानतो. कुठल्या राउंडला कोण कुठून येतं हे त्यांना पाठ असे, आणि एखाद्या दिवशी नाणं हातात आलं की ते सराईतासारखे खेळत.

घरातल्या गेमची वाट आणखी वाकडी होती. निन्टेंडोने 15 जुलै 1983 रोजी जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ हे घरी खेळायचं यंत्र बाजारात आणलं. मासायुकी उएमुरा हे त्याचे रचनाकार. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी जे पोचलं त्यात त्याच्या नकलाच फार होत्या : मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांच्या. तपकीर गल्लीतून किंवा कॅम्पातून कुणाचे तरी काका ते खोकं घेऊन येत. सोबतच्या कॅसेटवर ‘9999999 इन 1’ असं छापलेलं असे. प्रत्यक्षात मोजके गेम वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येत. मूळ कंपनीचं नाव, गेम बनवणाऱ्याचं नाव, सालही कुठे दिसत नसे. एका संपूर्ण पिढीचं बालपण अशा बिननावाच्या नकलांनी घडवलं आणि त्यात कमीपणा वाटावा असं काही नाही. आयातीचे भाव आणि मध्यमवर्गीय पगार यांच्यामधल्या फटीतून जे येऊ शकलं ते आलं.

नक्कल असली तरी ती हुबेहूब नव्हती, आणि मला सगळ्यांत मोलाची वाटते ती हीच बाब. आपल्या टीव्हीची पद्धत ‘पाल’. तिच्यात पडदा सेकंदाला 50 वेळा रंगतो. जपान-अमेरिकेत 60 वेळा. फॅमिकॉमचे गेम पडद्याच्या या ठेक्यावरच चालतात. त्यामुळे जपानसाठी लिहिलेला गेम पाल टीव्हीला जुळवलेल्या नकली यंत्रात चालवला की तो साधारण सहाव्या हिश्शाने मंदावतो, आणि कोजी कोंदो यांनी मारिओला दिलेली धूनही. पट्टी जवळपास तीच राहते, लय उतरते. आपल्या कानातला मारिओ किंचित विलंबित आहे. आज तीच धून मोबाइलवर मूळ वेगात ऐकली की कुणीतरी घाई करतंय असं वाटतं. क्योटोच्या मुलाची आणि टिंगरेनगरच्या मुलाची मारिओची आठवण एक नाही, हे असं सेकंदांच्या हिशेबात सिद्ध करता येतं.

बदकांच्या गेमची गोष्टही अशीच. 1984 च्या ‘डक हंट’मध्ये प्लॅस्टिकच्या बंदुकीचा घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला संवेदक तो उजेड टिपतो. म्हणजे बंदूक काही मारत नाही, बघते. ही सगळी वेळ जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर बेतलेली आहे. आजच्या सपाट पडद्यावर चित्र उमटायला जो बारीकसा उशीर होतो, त्याने नेम कायम चुकतो. माळ्यावरचं खोकं उतरवलं, ॲडॉप्टर चालू निघाला, बंदूकही शाबूत असली, तरी आजच्या टीव्हीसमोर ते बदक पडणार नाही.

ते खोकं टीव्हीला जोडलेलं असे त्या खोलीत रिमोट दोन असत आणि पोरं दहा. रिमोटच म्हणत असू आम्ही. जॉयस्टिक वगैरे शब्द नंतर आले. लोहगावच्या तळावरून लढाऊ विमान उडालं की खिडक्या थरथरत, टीव्हीचा आवाज बुडे, आणि पडद्यावरच्या गोळ्या तेवढ्यापुरत्या मुक्या होत. लाइट गेली की सातव्या स्टेजपर्यंतची सगळी मेहनत पाण्यात, कारण मधे साठवून ठेवायची सोयच नव्हती. अशा वेळी कुणी घरी जात नसे. अंधारात कॉन्ट्राचीच चर्चा चाले.

कॉन्ट्रात तर माणसांची पारखच होई. तिसऱ्या स्टेजला धबधबा आहे. तिथे पडदा वर सरकतो आणि मागे राहिलेला खेळाडू खालच्या कडेला जाऊन मरतो. थोरला भाऊ भराभर उड्या मारत वर गेला की धाकटा काहीही चूक नसताना मरे. काही थोरले थांबत, काही थांबत नसत, आणि कोण थांबतो हे गल्लीला माहीत असे. ही रचना कॉन्ट्रा बनवणाऱ्या कोनामी कंपनीच्या रचनाकारांनी कदाचित सहज केली असेल. आमच्यासाठी ती नात्यांची परीक्षा होती. ‘वर, वर, खाली, खाली’ने सुरू होणारा तीस लाइफचा मंत्र काझुहिसा हाशिमोतो यांनी आधी 1986 च्या ‘ग्रेडियस’मध्ये, स्वतःला चाचणी सोपी जावी म्हणून घातला होता. आमच्याकडे असं काही पोचायचं ते तोंडोतोंडी, एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत.

या आठवणींची एक बाजू आपण टाळतो. पार्लरमध्ये मुली नसत. घरातही रिमोट भावाच्या हातात, बहीण मागे बसलेली. तिला सगळे राउंड पाठ असायचे, पण रिमोट हाती यायचा तो भाऊ जेवायला उठला की. आज ‘आपल्या पिढीचे गेम’ म्हणून जे भरभरून सांगितलं जातं ते बहुतेक पुरुष सांगतात. बहिणींना विचारलं तर यादी बदलेल, आणि त्या खोल्यांचं वर्णनही बदलेल.

निन्टेंडोने 2016 मध्ये जुन्या यंत्राची छोटी आवृत्ती काढली, आत तीस गेम भरून. त्यात ‘कॉन्ट्रा’ नाही, त्याचा पुढचा भाग ‘सुपर सी’ आहे. ‘डक हंट’ही नाही. ज्यांनी ते पॅकेट बांधलं त्यांच्यासमोर विश्रांतवाडी नव्हती, आणि असायला हवी होती असं म्हणण्याचा हक्क नकला वापरलेल्या आपल्याला फारसा नाही. पण म्हणूनच आपल्या आठवणींची राखण कुणी कंपनी करेल, ही आशा सोडलेली बरी.

दुसऱ्याची आठवण घडवून देणं किती अवघड असतं, हे पुण्याने जवळून पाहिलं आहे. फ्रान्सच्या युबिसॉफ्टने 2008 मध्ये गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ घेतला. 2003 च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे आहे, असं सप्टेंबर 2020 मध्ये जाहीर झालं तेव्हा मला फार आनंद झाला होता. पण पहिली झलक पाहून जगभरचे चाहते चित्रांवर तुटून पडले. तारखा पुढे गेल्या आणि मे 2022 मध्ये काम माँट्रियलकडे सोपवलं गेलं. त्या टीकेतली काही रास्त असेल. तरी मला वाटतं, चाहते ज्याच्याशी तुलना करत होते तो 2003 चा गेम नव्हताच. सतरा वर्षांत मनात उजळत गेलेली प्रत होती. पुण्यातल्या संगणक क्लासमध्ये वाढलेल्यांचा प्रिन्स तर त्याहून वेगळा : जॉर्डन मेकनरने 1989 मध्ये धाकट्या भावाच्या धावण्या-उडण्याच्या चित्रफितीवरून काढलेला, साठ मिनिटांची मुदत असलेला. सर बाहेर गेले की ‘प्रिन्स मेगाहिट’ टाइप करून सुरू होणारा.

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये दाखवून दिलं की तिथल्या जुन्या गेमपैकी 87 टक्के आज बाजारात रीतसर मिळत नाहीत. आपली अडचण उलटी आहे. कॉन्ट्रा, मुस्तफा शोधले तर सापडतात. नाहीशी होत चालली आहेत ती खोकी, त्या कॅसेटी, ते पार्लर, ते नियम. पुण्यात दिनकर केळकरांनी लोक अडगळ म्हणून टाकत होते ते अडकित्ते, दिवे, कुलपं आयुष्यभर जमवली, म्हणून आज बाजीराव रस्त्यावरच्या संग्रहालयात मागच्या घरांचं जगणं दिसतं. प्लॅस्टिकच्या पिवळ्या कॅसेटीसाठी असा कुणीतरी हवा आहे. तोवर आपापल्या घरी करता येईल ते करावं. या दिवाळीत माळा आवराल तेव्हा ते खोकं भंगारात देऊ नका. त्याचा सगळ्या बाजूंनी फोटो काढा. कुठून आणलं, किती जण खेळायचे, मेल्यावर रिमोट कुणाकडे जायचा, कोणत्या गेमला काय म्हणायचे, हे वहीत लिहून आत ठेवा. बहिणीलाही विचारून लिहा. तळाशी खरेदीची पावती सापडली तर तीही जपा, तिच्यावर दुकानाचं नाव आणि तारीख असते.